बत्तीस बिटांचा आवाज

जेवणाच्या टेबलावर दोन चिपा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक जुनी, चाळीस पायांची, गोमेसारखी लांबट. ती काकूंनी सरांच्या ड्रॉवरमधल्या डबीतून आणली होती. दुसरी मी ऑफिसातल्या एका बाद बोर्डावरून उपसून आणलेली, अंगठ्याच्या नखाएवढी, चारी बाजूंना केसासारखे पाय.

सर चाकांच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. त्यांनी आधी माझ्या चिपेकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि म्हणाले, "आठ."

शब्द लांबलेला आला, ओल्या कापडातून पिळून काढल्यासारखा.

"आठ बिटांचा प्रोसेसर घे म्हणतायत," काकू म्हणाल्या.

"कळलं मला, काकू. पण सर, आठ बिटांत काय होणार? एक बटण, अक्षरं दाखवणारी एक छोटी पट्टी, फार तर एक बझर. पिपाणीसारखा वाजणारा."

"पुरे."

"मला नाही पुरणार."

ते हसले. तेव्हा त्यांना अजून हसता येत होतं. मग काकूंकडे बघत त्यांनी एक लांब वाक्य सुरू केलं. काकू त्यांच्या ओठांवर नजर ठेवून तुकडे जोडत गेल्या. "घरात चार नग पडलेत... बोर्ड एका थराचा कर... पंधरा दिवसांत होईल... मला घाई आहे."

"कसली घाई?" मी म्हटलं. "सर, मी तुम्हाला असं काही करून देते की बघत राहाल."

ही २०१०ची दिवाळी उलटल्यानंतरची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात. मी एकोणतीस वर्षांची होते.

सर, म्हणजे रत्नाकर उपासनी, हे सातपूरच्या एका कंपनीत डिझाइन विभागाचे प्रमुख होते. मी सिन्नरहून डिप्लोमा करून तिथे लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक जळका बोर्ड ठेवला आणि म्हणाले, "थोरवे, हा का मेला ते शोध. जिवंत नाही करायचा. फक्त का मेला ते सांग." मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ते मला थोरवेची जयमाला म्हणायला लागले. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. कुठला प्रोसेसर घ्यायचा, त्याच्या बाजूला काय ठेवायचं, कुठली तार कुठून न्यायची, सगळं त्यांच्याकडूनच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "काम केवढं आहे ते आधी बघ, मग प्रोसेसर बघ. मुंगी उचलायला क्रेन लावायची नाही."

मग एक दिवस त्यांच्या हातातून सोल्डरिंगची कांडी पडली. आठवड्याने पुन्हा पडली. मुंबईला जाऊन तपासण्या झाल्या, त्यात मज्जातंतूंचा आजार निघाला. स्नायू एकेक करून बंद पडत जातात, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध नाही. दिवाळीपर्यंत पाय आणि हात गेले होते. वाचाही जायला लागली होती. डॉक्टरांनी तिला दोन महिने दिले होते. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती. दंड उचलत नव्हता, त्यामुळे बोट दाखवता येत नव्हतं, पण बोटाखाली बटण ठेवलं तर ते दाबता येत होतं.

त्या एका बोटासाठी मी खोका करणार होते. पडद्यावर अक्षरं सरकत जातील, हवं ते अक्षर आलं की त्यांनी बटण दाबायचं. एवढंच करायचं असतं तर सरांचं बरोबर होतं. आठ बिटांचा प्रोसेसर, एक पट्टी, एक बटण. पण माझ्याकडे आणखी काहीतरी होतं. नव्या मुलांसाठी सर कंपनीत शिकवणी घ्यायचे, तिचं मी कित्येक वर्षं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. अकरा तासांचा त्यांचा आवाज. खणखणीत, जरासा चिडका. तो आवाज मी अक्षराअक्षरांत कापणार होते, आणि खोका सरांच्याच आवाजात बोलणार होता. त्याला बत्तीस बिट लागत होते, मोठी मेमरी लागत होती, चार थरांचा बोर्ड लागत होता.

खरं सांगायचं तर, मला तो आवाज परत ऐकायचा होता. आणि मला काय काय करता येतं, ते त्यांनी बघावं असंही वाटत होतं.

मी त्यांना न विचारता चिपा मागवल्या. दोन नग, एक वापरायला, एक हाताशी. मागवल्यावर सांगायला गेले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सहा आठवडे. बाहेरून येतायत."

सरांनी काकूंकडे पाहिलं. मग काकूंमार्फत म्हणाले, "ठीक. मधल्या काळात छोटा करून दे."

"हो सर, देते ना."

दिला नाही. बसले असते तर आठवड्याभरात झाला असता. पण मी दिवसभर कंपनीत, घरी आल्यावर आवाज कापायला बसलेली. वाटायचं, छोट्यात वेळ घालवला तर मोठा मागे पडेल. दोनदा काकूंनी फोनवर विचारलं, "तो बझरवाला होतोय का गं?" मी म्हटलं, "काकू, थोडेच दिवस. मग सर स्वतःच बोलतील."

काकूंनाही ते आवडायचं. त्या पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी बाराखडीचा एक मोठा तक्ता काढून ठेवला होता. त्या एकेक अक्षरावर पट्टी ठेवत, आणि हवं ते अक्षर आलं की सर पापणी मिटत. पण दोन-तीन अक्षरं झाली की काकूंनाच भरून यायचं, तक्ता भिंतीला टेकवून त्या स्वयंपाकघरात जायच्या. "आता जयमालाचा खोका येतोच आहे," असं म्हणत तो तक्ता हळूहळू कपाटामागे गेला. त्यानंतर घरात फक्त प्रश्न उरले. पाणी हवं? कूस बदलू? पंखा लावू? पापणी मिटली की हो. प्रश्न काकूंना सुचेल तेवढेच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा सरांची वाचा जवळजवळ संपली होती. मला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. त्यांनी परत म्हटलं. दोन शब्द होते. पहिला न पासून, दुसराही न पासून. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, हनुवटीवर लाळ आली होती.

काकू टॉवेल घेऊन वाकल्या. "काय? नदी?" त्यांनी ओठांकडे बघत विचारलं. "नदीवर जायचंय?"

सरांनी डोळे टक्क उघडे ठेवले. म्हणजे नाही. परत तेच दोन शब्द.

"नदीच म्हणतायत," काकू माझ्याकडे वळल्या. "पूर्वी रोज सकाळी सोमेश्वरला फिरायला जायचे ना. घरात बसून बसून कंटाळलेत."

मी मान हलवली. "नेऊ या ना, सर. रविवारी माझी गाडी आणते."

आम्ही त्यांना रविवारी सोमेश्वरला नेलं. दोघा माणसांनी खुर्ची उचलून खाली घेतली. पाणी बेताचंच होतं, खडकाखडकांतून वाहत होतं. माणसं भाजलेले दाणे खात हिंडत होती. काकूंनी शाल नीट केली आणि म्हणाल्या, "बघा, आलो की नाही?" सर रडायला लागले. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न करता. काकूंना वाटलं आनंदाने रडतायत. मलाही तसंच वाटलं.

चिपा सांगितल्यापेक्षा उशिरा, जानेवारीच्या शेवटी आल्या. बोर्डही त्याच आठवड्यात बनून आला. हिरवागार, सुबक, हातात धरल्यावर अभिमान वाटावा असा. मी शनिवारी सकाळी जोडला आणि वीज दिली. तीन सेकंदांत चीप एवढी तापली की बोट पोळलं. मग बारीकसा वास आला. कुठल्याही डिझाइनवाल्याला तो वास ओळखू येतो.

सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसंच मी शोधत बसले, हा का मेला. यावेळी तासाभरात सापडलं. वीज पुरवणाऱ्या भागाचे पाय मी बोर्डाच्या नकाशात उलटे काढले होते, आरशात दिसतात तसे. प्रोसेसरला झेपेल त्याच्या दुप्पट विजेचा दाब गेला होता. शिकाऊ मुलाची चूक.

नऊ वर्षांत माझा एकही नकाशा सरांनी बघितल्याशिवाय बाहेर गेला नव्हता. हा एकच गेला. त्यांना दाखवायचा म्हणजे पडदा समोर धरा, एकेक भाग मोठा करा, त्यांना काय म्हणायचंय ते ओळखत बसा. अर्धा दिवस गेला असता. मला घाई होती.

सरांना मी चूक सांगितली नाही. "बोर्डवाल्यांनी उशीर केला," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नजर टेबलाच्या ड्रॉवरवर नेली, परत माझ्यावर आणली, परत ड्रॉवरवर. त्यात त्यांच्या चार चिपा होत्या.

"सर, आता फक्त तीन आठवडे," मी म्हटलं.

दुसरा बोर्ड फेब्रुवारीच्या मध्यावर चालला. राखून ठेवलेली चीप त्यावर बसवली. पडद्यावर क, ख, ग झळकायला लागले, स्पीकरमधून सरांचा आवाज आला. मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या. दुपारी रजा टाकून तशीच गंगापूर रोडला गेले. खोका टेबलावर मांडला, बटण त्यांच्या तर्जनीखाली ठेवलं.

"दाबा सर."

काही झालं नाही.

"हलकंच. पिसासारखं ठेवलंय बटण."

बोटाच्या मुळाशी चामडीखाली काहीतरी थरथरलं, आणि थांबलं. काकू म्हणाल्या, "गेल्या मंगळवारपासून असंच आहे. मला वाटलं गारठ्याने असेल."

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. "काही बिघडत नाही," मी म्हटलं. "पापणीवर करू. चष्म्याच्या काडीला एक बारीक दिवा आणि एक सेन्सर. पापणी मिटली की बटण दाबल्यासारखं होईल. दोन आठवडे."

दोनाचे तीन झाले. खिडकीतून ऊन आलं की सेन्सर फसायचा, सरांनी न मिटताच अक्षरं उमटायची. मी ते दुरुस्त करत होते, तोवर मार्चच्या सात तारखेला सकाळी काकूंचा फोन आला. "श्वास लागलाय गं त्यांना. ओठ निळे पडलेत."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर बाहेर आले, तेव्हा आम्ही दोघीच होतो. मुलगा अनिरुद्ध कॅनडात. काकूंनी त्याला फोन लावून कानाशी धरला होता.

"फुप्फुसं चालवणारे स्नायू थकलेत," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात नळी घालून यंत्राला जोडावं लागेल. एकदा जोडलं की यंत्र सुटेल असं मला वाटत नाही. कदाचित महिने, कदाचित वर्षं. ते शुद्धीत नाहीत, म्हणून तुम्हाला विचारतो. त्यांची काय इच्छा होती? याबद्दल कधी बोलले होते?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काही म्हणाले होते का गं तुला?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. मला कळलं नव्हतं, इतकंच.

फोनमधून अनिरुद्धचा रडवेला आवाज बाहेर ऐकू येत होता. "आई, हो म्हण. मी निघतो. हो म्हण."

काकू हो म्हणाल्या.

सर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आले. गळ्याला भोक, त्यात नळी, पलंगाशी सुस्कारे टाकणारं यंत्र, दिवसपाळीला एक नर्स. आता आवाज फुटण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त डोळे आणि पापण्या. तोवर माझा चष्मा उन्हातही नीट चालायला लागला होता. एका मंगळवारी सकाळी मी तो त्यांच्या नाकावर बसवला, पडदा समोर टांगला, आणि बाजूला सरकले.

अक्षरांच्या ओळी सरकायला लागल्या. सरांनी पापणी मिटली. एक ओळ थांबली. परत मिटली. अक्षर उमटलं. चार मिनिटं गेली असतील. मग खोक्यातून सरांचा आवाज आला.

"वेग कमी."

अक्षरं एकमेकांना आपटत होती, सूर तुटत होता. पण आवाज तोच होता, खणखणीत, जरासा चिडका. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. त्यांनी ती उचललीच नाही. मी वेग कमी केला. सर परत लिहायला लागले. यावेळी बराच वेळ लागला.

"कुमुद, तू जेवलीस?"

काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि सरांच्या छातीवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागल्या. यंत्राच्या तालावर त्यांचं डोकं वर-खाली होत होतं.

ते दोन दिवस मी कधीही विसरणार नाही. सरांनी अनिरुद्धला फोनवर नाव घेऊन हाक मारली. नर्सला तिचं गाव विचारलं. बुधवारी मला बोर्डाचा नकाशा दाखवायला लावला. मी भाग मोठे करत गेले, ते बघत राहिले. एका ठिकाणी डोळे थांबले. मग लिहिलं, "इथे पूर्वी उलटं होतं ना?" मी होकार दिला. त्यांनी लिहिलं, "मुंगीला क्रेन." आणि डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. ते हसत होते. मला वाटलं, उशीर झाला, चुका झाल्या, पण शेवटी झालं. आता या माणसाकडे बोलायला आवाज आहे. आता त्यांना जगावंसं वाटेल.

गुरुवारी मी दुपारी पोचले. काकू पलंगाशेजारी आल्याचा चहा पीत बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी कित्येक महिन्यांनी केसांत मोगरा माळला होता. सर माझीच वाट बघत होते बहुधा. मी समोर येताच त्यांनी लिहायला सुरुवात केली. न आलं. ळ आलं. त्याला वेलांटी लागली. मग क, मग ढ.

"नळी काढा."

आवाजातला ळी मी ओळखला. तो मी कापला होता 'मोकळी' या शब्दातून. शिकवणीत ते मुलांना सांगायचे, ही पिन मोकळी सोडू नका. काढा हा शब्द तर अख्खाच मिळाला होता, आधी फ्यूज काढा.

"नळी टोचतेय का?" काकू उठल्या. "नर्सला बोलावते, नीट करेल."

सरांनी डोळे उघडे ठेवले. नाही. परत लिहायला लागले. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. यंत्र सुस्कारे टाकत होतं. पुढचं वाक्य उमटायला नऊ-दहा मिनिटं लागली, आणि त्यातली चार अक्षरं झाल्यावरच मला कळलं.

"नदी नव्हे. नळी नको."

काकूंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला समजलं, त्यांनाही तो रविवार आठवला होता.

सर लिहीत राहिले. "म्हणून घाई."

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. त्यांनी पडदा वाचला, सरांना दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली. मग मला आणि काकूंना बाहेरच्या खोलीत नेलं.

"आधी नको म्हणाले असते तर मी घातलीच नसती," ते म्हणाले. "नुसती मान हलवली असती, एक खूण केली असती, तरी ऐकलं असतं. आता घातलेली नळी काढणं म्हणजे माझ्या हाताने... ते माझ्याकडून होणार नाही. दुसरं कुणी करेल असंही वाटत नाही."

अनिरुद्ध फोनवर म्हणाला, "बाबा निराश झालेत. होतं असं. औषध द्या काहीतरी."

शनिवारी सरांनी लिहिलं, "नळी काढा." रविवारी लिहिलं. सोमवारी सकाळी चष्मा लावल्या लावल्या लिहिलं. ते रागावत नव्हते, रडत नव्हते. दिवसातून चार वेळा, पाच वेळा, त्याच स्वरात. दुसरा स्वर माझ्या खोक्यात नव्हताच.

बुधवारी काकूंनी मला ऑफिसात फोन करून बोलावलं. त्या अंगणात उभ्या होत्या, आत येऊ देत नव्हत्या.

"जयमाला, तो खोका घेऊन जा."

"काकू, असं कसं..."

"घेऊन जा. मी हात जोडते."

"पण मग त्यांना काहीच..."

"पाणी, कूस, पंखा, मी विचारीन. आजवर विचारलंच ना." त्यांनी माझा दंड धरला. बोटं रुतत होती. "बझर वाजला असता तर सोसलं असतं गं. पट्टीवर अक्षरं आली असती तर नजर वळवली असती. हा त्यांचा आवाज आहे. मी स्वयंपाकघरात असते, आणि त्यांच्या आवाजात ऐकू येतं. पस्तीस वर्षं त्या आवाजाला ओ दिली मी. आता काय देऊ?"

मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. आवाज बंद करते, अक्षरं राहू दे, असं म्हणता आलं असतं. एक वायर काढायची होती फक्त. माझ्या मनात ते आलंही. पण मला स्वतःलाच तो पडदा बघवत नव्हता.

मी आत गेले. सर जागे होते. चष्म्यावरचा दिवा चालू होता. मी म्हटलं, "सर, जरा दुरुस्तीला नेते. सेन्सर फसतोय."

सेन्सर फसत नव्हता. ते त्यांना ठाऊक होतं. कुठलं यंत्र ठीक आहे आणि कुठलं नाही, ते माझ्याआधी त्यांना कळायचं. त्यांनी पापणी मिटली, एक ओळ थांबली. परत मिटली. न उमटला. पुढचं अक्षर येण्याआधी मी दोन्ही हातांनी चष्मा काढला. पडद्यावर तो एकटा न तसाच राहिला. मी खटका बंद केला.

त्यानंतर सर दहा महिने जगले.

मी अधूनमधून जायची. पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातून काकूंशी बोलण्याचा आवाज आत गेला असणार. खोलीत गेले तर त्यांचे डोळे मिटलेले. बसून राहिले, निघून आले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी न बोलता, चपला बाहेर काढून, हळूच दारात उभी राहिले. सर टक्क जागे होते, छताकडे बघत होते. नर्स म्हणाली, "बघा काका, जयमालाताई आल्यात." त्यांनी नजर माझ्याकडे आणली. ओळखलं. आणि पापण्या मिटून घेतल्या.

हो म्हणायला ते पापणी मिटत आणि लगेच उघडत. ही मिटली ती उघडली नाही. मी अर्धा तास बसले. पापण्यांखाली बुबुळं हलत होती. मी म्हटलं, "सर, चूक झाली." यंत्राने सुस्कारा टाकला.

काकू पाणी घेऊन आल्या. त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "झोपलेत वाटतं."

"हो," मी म्हटलं, "झोपू दे," आणि पाणी न पिताच उठले.